मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, तरी फिरून आलेलं नीट आठवत नाही. फोटो काढण्याचा छंद सोडून द्यावा का?

छंद सोडू नका. कॅमेऱ्याने आठवण पुसली, असा तुमच्या प्रश्नाचा सूर दिसतो. ते अर्धंच खरं आहे.

मी फिल्मच्या जमान्यापासून फोटो काढतोय. ३५ मिमीच्या मोठ्या रोलमध्ये ३६ फ्रेम. त्यामुळे बटण दाबायच्या आधी उजेड कुठून येतोय, दोन पावलं सरकलं तर काय दिसेल, हे बघण्यात वेळ जायचा. मग रोल धुऊन यायची वाट, आणि प्रिंट हातात आल्या की घरातले सगळे एकत्र बसून त्या बघायचे. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. कितीतरी फोटो हललेले नाहीतर काळपट यायचे. पण काढण्याआधी बघणं आणि काढल्यावर पुन्हा बघणं, या दोन्ही गोष्टी तेव्हा आपसूक व्हायच्या. मोबाइलमध्ये त्या मुद्दाम कराव्या लागतात, आणि आपण करत नाही.

यावर अभ्यास झालेला आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघा, काहींचे फोटो काढा, असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं. ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू आणि त्यांचे बारकावे लोकांना कमी आठवले. २०१४ साली छापून आलेला हा निष्कर्ष सगळीकडे गाजला. त्याच अभ्यासातला दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही: वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपायला लावलं, तेव्हा ही घट दिसली नाही. झूमच्या चौकटीबाहेर राहिलेला भागसुद्धा लोकांना आठवत होता.

पुढे २०१७ मध्ये अलिक्सांड्रा बराश या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हवे ते फोटो स्वतःच निवडून काढू दिले. त्यात कॅमेरा असलेल्यांना पाहिलेलं उलट जास्त लक्षात राहिलं, ऐकलेलं मात्र कमी. मला हे अगदी पटतं. फोटो काढताना सोबतचा माणूस काय सांगत होता, ते माझ्या डोक्यातून हमखास निसटतं. तुम्हाला नेमकं काय आठवत नाही, ते तपासून बघा. बहुतेक बोलणी, आवाज, वास असंच काही असेल, आणि ते फोटोत येणारच नव्हतं.

खरी गोम फोटो काढल्यानंतर आहे. ढिगातले फोटो आपण उघडत नाही. मोबाइलच 'मागच्या वर्षी आजच्या दिवशी' म्हणून चार फोटो निवडून, संगीत लावून पुढे करतो. चेहरे स्पष्ट, सगळे हसतायत, असेच फोटो त्यात जास्त असतात. आता, आठवणीचा एक स्वभाव असा की जे पुन्हा पुन्हा आठवावं ते पक्कं होतं आणि त्याच्या शेजारचं, उजळणी न झालेलं, आठवायला अवघड होत जातं. अँडरसन आणि ब्यॉर्क दांपत्य या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे शब्दांच्या जोड्यांवर दाखवलं होतं. फोटोंबाबतही असंच होत असावं, हा माझा अंदाज. म्हणजे सहलीतलं कंटाळवाणं, भांडणाचं, गंमतशीर फजितीचं सगळं बाजूला पडतं आणि मोबाइलने निवडलेली सहल तेवढी उरते. ही निवड मला यंत्राकडे सोपवायची नाही. (सेटिंगमध्ये जाऊन नको त्या व्यक्ती आणि तारखा लपवता येतात, तेही बघून ठेवा. काही जुने चेहरे सकाळी सकाळी अचानक समोर नको असतात.)

मी काय करतो? परत आल्यावर, शक्यतो त्याच आठवड्यात, फोटो चाळून बहुतेक उडवतो. उरलेल्यांना एकेक ओळ लिहितो: कोण काय म्हणालं, फोटोच्या चौकटीबाहेर काय चाललं होतं. कंटाळवाणं काम आहे, पण आठवण ताणून बाहेर काढावी लागते आणि त्यातच ती पक्की होते. काही फोटो कागदावर छापून घेतो.

ढीग उडवताना एक जपा. मोबाइल आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असतील तर इथे पुसलेला फोटो तिथूनही जातो, त्यामुळे निवडलेले फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. आणि सोबत्यांकडून फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधे नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पाठवणीत फोटो दाबून लहान होतो, शिवाय त्यात नोंदलेली तारीख आणि जागाही गळते. मग दहा वर्षांनी तो कुठला, कधीचा, यावर घरात वाद घालत बसावं लागतं.