ब्रिटनच्या कायद्यात ‘स्त्री’ कोण?

प्रश्न : ब्रिटनच्या समानता कायद्यातली ‘स्त्री’ची व्याख्या बदला, अशी मागणी होती. न्यायालयाच्या निकालानंतर दुरुस्तीची गरज उरली का?

उत्तर : व्याख्येपुरती नाही. घोळ दोन कायद्यांमुळे होता. २००४च्या लिंगओळख कायद्यानुसार ट्रान्स व्यक्तीला नव्या लिंगाचं सरकारी प्रमाणपत्र मिळालं की लिंग सर्व बाबतींत बदललं असं धरायचं, काही अपवाद सोडून. मग २०१०च्या समानता कायद्यातली ‘स्त्री’ प्रमाणपत्राने ठरायची की जन्माने? १६ एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं : जैविक लिंगाने. एक शब्दही न बदलता अर्थ पक्का झाला.

पण समानता कायद्यात ‘लिंगबदल’ हे वेगळं संरक्षित वैशिष्ट्य, म्हणजे ज्यावरून भेदभाव करायला मनाई आहे अशी बाब, कायम आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियाही लागत नाही, प्रमाणपत्रही नाही. ट्रान्स व्यक्तीला त्या कारणावरून नोकरीतून काढणं आजही बेकायदाच. हे अनेकजण विसरतात, आणि ते फार वाईट आहे.

खरी अडचण समानता कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे; एखादी सेवा फक्त एका लिंगासाठी कधी ठेवता येते, हे त्यात दिलंय. समजा, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचा आधारगट फक्त स्त्रियांसाठी ठेवायचाय. उद्देश रास्त हवा आणि उपाय त्याच्या प्रमाणात हवा. दारावर पाटी लागते, कारण मात्र कुणी लिहून ठेवत नाही. तक्रार आली की संस्था तिथेच अडकते. कारण आधी लिहा, ट्रान्स व्यक्तींसाठी पर्यायी सोय कुठे तेही लिहा. दुरुस्ती करायचीच तर हे निकष सोपे करण्यासाठी व्हावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.