न्यू जर्सीतल्या घरमालकाने डिपॉझिट बुडवलं, तर फेडरल (केंद्रीय) डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं का?

नाही. भाडं, डिपॉझिट, घटस्फोट, वारसा ही कामं राज्याच्या सुपीरियर कोर्टाची. तुमचं डिपॉझिट तिथल्या स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या विभागात मागा.

'डिस्ट्रिक्ट' म्हटलं की आपल्याला जिल्हा कोर्ट आठवतं आणि तिथेच गफलत होते. न्यू जर्सीत २१ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, पण फेडरल डिस्ट्रिक्ट एकच. कोर्ट नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन इथे बसतं. साक्षी, पुरावे, ज्युरी सगळं इथेच. बहुतेक अपिलं फिलाडेल्फियातल्या थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाकडे.

इथे येण्याचे मुख्य रस्ते दोन. एक, प्रश्न फेडरल कायद्याचा किंवा संविधानाचा हवा: पेटंट, नोकरीतला वंशभेद, फेडरल गुन्हे. ग्रीन कार्डाचा अर्ज वर्षानुवर्षं पडून असेल, तर सरकारला निर्णय द्यायला लावण्याचा दावाही इथेच होतो, हे आपल्या लोकांनी जरूर लक्षात ठेवावं. दुसरा, दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे (किंवा एक परदेशी नागरिक) आणि दावा ७५,००० डॉलरच्या वर. पण एका बाजूला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा ग्रीन कार्डधारक आणि समोर न्यू जर्सीचाच नागरिक असेल, तर हा दुसरा रस्ता बंद, ग्रीन कार्डधारकाचा पासपोर्ट भारतीय असला तरी.