वाचकांचे प्रश्न : इंटरनेटबंदीचा पुरावा कुठे शोधायचा?

प्रश्न : महाराष्ट्रातल्या इंटरनेटबंदीवर एम.ए.चा प्रबंध लिहिते आहे. आमच्याकडे जून २०२३ मध्ये मोबाइल इंटरनेट बंद होतं. पण अशा एका जिल्ह्यापुरत्या बंदीच्या दिवसांचे, इंटरनेट कुठे खंडित झालं ते मोजणाऱ्या 'आयोडा' या यंत्रणेचे आलेख काढले, तर रेषा सपाटच. मार्गदर्शक म्हणतात, मोजणीत दिसत नाही ते प्रबंधात नको. – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ते प्रकरण ठेवा. सपाट रेषेवरून बंदी नव्हती असं ठरत नाही, ती बंदी त्या यंत्राच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती एवढंच कळतं.

जॉर्जिया टेक विद्यापीठातून चालणारी आयोडा मुख्यतः तीन खुणा तपासते : कंपन्या जगाला आपल्या आयपी पत्त्यांचे (इंटरनेटवरच्या यंत्रांच्या क्रमांकांचे) मार्ग जाहीर करताहेत का, पत्त्यांच्या गटांना 'पिंग' केल्यावर, म्हणजे छोटा चाचणी-संदेश पाठवल्यावर, उत्तर येतं का, आणि न वापरलेल्या पत्त्यांवर येऊन आदळणारी फुटकळ रहदारी घटली का. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तने सुमारे साडेतीन हजार मार्ग मागे घेतले, तेव्हा ते साऱ्या जगाला दिसलं. आपल्याकडची तऱ्हा वेगळी आहे. मोबाइल कंपन्यांचं 'महाराष्ट्र सर्कल' (सेवाक्षेत्र) गोव्यासह एकच असतं (मुंबई वेगळी). एका जिल्ह्यातल्या टॉवरवरचा डेटा बंद केला तरी सर्कलचे मार्ग जाहीर होतच राहतात. शिवाय हजारो मोबाइल एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात आणि बाहेरच्या पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणजे बंदी झाली तरी तिन्ही खुणा जवळजवळ जागच्या जागी राहू शकतात.

आलेख वाचताना आणखी एक गोष्ट पाहा. वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. सकाळी सहाला सुरू झालेली बंदी आलेखात त्याच दिवशी ००:३० ला दिसेल. पहाटे पाचची मात्र आदल्या तारखेला जाऊन बसेल. तारीख चुकीची धरली की सपाट रेषा आपोआपच मिळते.

तुमचा मुख्य पुरावा म्हणजे आदेश. ऑगस्ट २०१७ पूर्वी बंदी बरेचदा कलम १४४ खाली येई. त्यानंतर तार कायद्याखालचे २०१७ चे नियम आले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून नव्या दूरसंचार कायद्याखालचे. २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्यात आदेश गृहसचिवांचा लागे आणि पाच कामकाजाच्या दिवसांत पुनरावलोकन समितीला तो तपासावा लागे. कमाल १५ दिवसांची मर्यादा नोव्हेंबर २०२० मध्ये आली. आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलं. तरीही तो सहजी सापडेल अशा भरवशावर राहू नका.

मंत्रालयातल्या गृह विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून प्रत्येक घटनेचा अर्ज वेगळा करा. 'आजवरच्या बंदींची यादी द्या' असं मागू नका, 'माहिती संकलित नाही' हे उत्तर ठरलेलं. केंद्राच्या पातळीवर अशी नोंदच ठेवली जात नाही, हे संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नमूद केलं आहे. जिल्हा आणि तारीख लिहून 'आदेशाची प्रत व पुनरावलोकन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त' मागा. इतिवृत्त मिळवणं जास्त कठीण. नकार आला तर कोणत्या कलमाखाली आला ते नोंदवा. तोही प्रबंधाचा ऐवज आहे.

हाती आलेल्या आदेशातून पाच गोष्टी उतरवा : सही कोणाची, सुरुवात-शेवट, नेमका भाग, कोणत्या सेवा, कारण काय दिलं. मग स्थानिक आवृत्त्यांतल्या बातम्या आणि मुलाखती त्याच्याशी ताडून पाहा. मुलाखतीत 'नेट बंद होतं का?' एवढ्यावर थांबू नका. सिम कोणत्या कंपनीचं, घरचं वायफाय चालू होतं का, एसएमएस जात होते का, हेही विचारा. आणि मोजणीचं एकक पहिल्याच पानावर ठरवून टाका : फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर अशी एकाच वेळी झालेली बंदी एक धरायची की तीन? बंदी मोजणाऱ्या संस्थांचे आकडे जुळत नाहीत त्यामागे बरेचदा एवढंच असतं.

प्रश्न : संकेतस्थळं रोखली आहेत का ते तपासणाऱ्या 'ऊनी प्रोब' ॲपवर एका संकेतस्थळापुढे विसंगती दाखवली. सरकारने ते रोखलं असं लिहू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अजून नको. ॲप तुमच्या जोडणीवरचं उत्तर दुसरीकडच्या उत्तराशी ताडतं. फरक पडला की विसंगती. ती संकेतस्थळाने भारतातले पत्ते नाकारल्यामुळेही येते, सर्व्हर डळमळल्यामुळेही, आणि कॅफेच्या लॉगिन पानामुळेही. व्हीपीएन बंद करून दोन-तीन कंपन्यांच्या जोडण्यांवर, वेगवेगळ्या वेळी चाचणी घ्या. भारतात प्रत्येक कंपनी रोखण्याची आपली रीत वापरते : कुणी संकेतस्थळाच्या नावाचा आयपी पत्ता चुकीचा देतं, कुणी सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीला जाणारं नाव वाचून ती तोडतं. एका कंपनीवर बंद आणि दुसरीवर चालू, हे म्हणूनच शक्य आहे. संकेतस्थळं रोखण्याच्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या कारवाईत २००९ च्या नियमांनुसार गोपनीयता पाळली जाते, त्यामुळे आदेश दाखवता येत नसेल तर 'अमुक जोडण्यांवर अमुक काळात उघडत नव्हतं' एवढंच लिहा. चाचणीचे निकाल जोडणीच्या नावासह सर्वांसाठी खुले होतात. दुसऱ्याच्या फोनवर चाचणी घेणार असाल तर त्याला हे आधी सांगा.

प्रश्न : इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेवर संशोधन करायचं आहे, पण परिषदांना जायला पैसे नाहीत. – एक संशोधक, लीड्स

उत्तर : फारसं अडत नाही. बैठकांची शब्दशः नोंद आणि बहुतेक कार्यगटांची ईमेल-यादी खुली आहे. वक्त्याच्या नावापुढे त्या वर्षीची संस्था लिहा. माणसं सरकारातून कंपनीत आणि कंपनीतून संस्थेत जात असतात. मराठीतून जवळचा विषय हवा असेल तर मूळ क्षेत्रातल्या ('रूट झोन', म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटच्या भागांची सर्वांत वरची यादी) देवनागरी नावांचे नियम घ्या. तिथे अदृश्य जोडचिन्हांना मज्जाव आहे, त्यामुळे 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांची सोय 'ऱ' हे वेगळं अक्षर ठेवून करावी लागली. प्रस्तावाचा मसुदा, आलेल्या हरकती आणि त्यांना दिलेली उत्तरं शेजारी ठेवून वाचा.