जतच्या सीमाभागावर लिहायचंय? आधी हे बघा

आख्खा सीमाप्रश्न अंगावर घेऊ नका. जत तालुक्यातलं उमदी किंवा संख, एकच गाव धरा. पाटसकर सूत्रात, म्हणजे भाषेवरून राज्यांची हद्द ठरवायच्या सूत्रात, एककही गावच आहे, तालुका नव्हे.

कागद शोधताना जिल्ह्याचं नाव सांभाळा. 1949 ते 1960 आपला सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. त्यामुळे 1951 च्या जनगणनेत 'सांगली जिल्हा' शोधणारा हात हलवत परत येतो. त्याआधीचं जत म्हणजे डफळ्यांचं संस्थान; ते कागद ब्रिटिश साताऱ्याच्या दप्तरात धुंडाळू नका. मोडी वाचता येत नसेल तर सहा महिने आधी तेच शिका.

दुसरी गफलत खानापूरची. एक विट्याजवळचं, दुसरं बेळगावचं. वादातलं बेळगावचं. टिपणात नुसतं 'खानापूर' लिहिलंत तर वर्षभरानं तुम्हालाच उमगणार नाही, म्हणून तालुका-जिल्हा प्रत्येक वेळी लिहा.

या सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल (1967) मुळातून वाचा. आपल्याकडे त्याला शिव्याच जास्त, वाचक कमी. बेळगाव कर्नाटकात ठेवताना त्यानं 264 गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली होती, हे निम्म्या लेखांत नसतं.

म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही मराठी की कानडी?" असं थेट विचारू नका; समोरचा सावध होतो, छापील उत्तर देतो. बाजार कुठला, सोयरीक कुठं, शाळा कुठली, पाणी कुठून, हे विचारा. सन आठवत नसेल तर 1972 च्या दुष्काळाआधी की नंतर, एवढं तरी ठरवून घ्या. आणि कानडी बोलणाऱ्याचं म्हणणं कानडीतच उतरवा, मराठी खाली द्या.