दरवर्षी लावावेत असे नाताळचे नवे कार्टून पिक्चर

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही बेळगावात कॅम्पात राहतो. नाताळात खानापूरची मावशी, गोव्याची भावंडं सगळी आमच्याकडेच उतरतात आणि २४ तारखेला रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जायच्या आधी सगळ्यांनी मिळून एक पिक्चर बघायचा ही आमच्या घरची पद्धत आहे, पण तेच ते जुने बघून पोरं आता कंटाळलीत. मोठी दहावीला, धाकटा पाच वर्षांचा, आणि आईला इंग्रजी कळत नाही. अलीकडचे अ‍ॅनिमेशनमधले, दरवर्षी लावता येतील असे कुठले आहेत सांगाल का? (एक वाचक, कॅम्प)

उत्तर: सांगते की. नाताळचे नवीन कार्टून पिक्चर दर डिसेंबरला येतच असतात, पण परत परत बघावा असा त्यातला एखादाच निघतो, आणि माझ्या मते त्याची खूण ही की पोरांना बसवून मोठी माणसं नेवऱ्या तळायला उठून जात नाहीत, ती पण तिथंच बसतात.

त्यात पहिला नंबर ‘क्लाउस’चा, २०१९ चा, नेटफ्लिक्सवर आहे. सर्जिओ पाब्लोस नावाच्या स्पॅनिश दिग्दर्शकानं माद्रिदच्या आपल्या स्टुडिओत केलाय, आणि आजकाल सगळं कॉम्प्युटरवर थ्रीडी चालतं त्या काळात ह्यांनी हातानं चित्रं काढून केलाय, वर त्या चित्रांवर उजेड आणि सावली अशी काही चढवलीय की कंदिलाचा प्रकाश खरंच गालावर पडल्यासारखा वाटतो. त्याला बाफ्टा हा ब्रिटनचा सिनेमा-पुरस्कार मिळाला, ऑस्करला नामांकन होतं. गोष्ट अशी की पोस्टखात्यातल्या बड्या साहेबाचा लाडावलेला मुलगा जेस्पर, त्याला बाप पार उत्तरेला एका बर्फाळ गावात पाठवतो आणि वर्षात ६००० पत्रं जमवायला सांगतो, आणि गावात तर दोन घराण्यांची पिढीजात भांडणं, कोण कुणाला पत्र लिहिणार? मग जंगलात एकटा राहणारा सुतार क्लाउस भेटतो, त्याच्या घरात खेळणी खच्चून भरलेली. खेळणं हवं तर पत्र लिहायला पाहिजे, पत्र लिहायचं तर अक्षरं यायला पाहिजेत, म्हणून पोरं शाळेकडं वळतात, आणि शाळेत बघावं तर शिक्षिका मासे विकत बसलीय कारण भांडणापायी कुणी पोरांना शाळेत पाठवतच नव्हतं! गाव सोडून जायला म्हणून साठवलेले पैसे ती हळूहळू वह्या-पुस्तकांवर घालते, तो भाग नीट बघा.

आणि त्यातली मार्गू बघाच. ती युरोपच्या पार उत्तरेकडच्या सामी ह्या मूळ रहिवाशांची चिमुरडी, तिला फक्त सामी बोलता येतं, जेस्परला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी ती रोज येऊन त्याच्याशी घडाघडा बोलते. तो आधी वैतागतो, मग शेवटी शिक्षिकेची मदत घेऊन तिचं म्हणणं समजून घेतो. आपल्याकडं घरात मराठी किंवा कोंकणी, शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी, पहिलीच्या वर्गात कित्येक पोरं काही न कळता बसलेली असतात, त्यामुळं बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला हा भाग जास्तच लागतो. ह्या एका मुलीसाठी मी हा पिक्चर सगळ्यांच्या वर ठेवते.

आता आईंसाठी आणि धाकट्यासाठी. ‘शॉन द शीप: द फ्लाइट बिफोर ख्रिसमस’ लावा, २०२१ चा, अर्ध्या तासाचा, आणि त्यात संवादच नाहीत, मेंढरं, कुत्रा, शेतकरी सगळे नुसते आवाज करतात, म्हणजे कुठलीच भाषा नको. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओनं बाहुल्या एकेक फ्रेमला जरा जरा हलवून केलाय. त्यांचाच त्याच वर्षीचा ‘रॉबिन रॉबिन’, उंदरांच्या घरात वाढलेल्या पाखराची गोष्ट, तोही साधारण तेवढाच, बाहुल्या लोकरीच्या, गाणी आहेत. दिसायला फार गोड आहे, पण बोलणं इंग्रजीत, शेजारी बसून सांगावं लागेल.

‘अँजेलाज ख्रिसमस’ही अर्ध्या तासाचाच. आयर्लंडमधलं लिमरिक गाव, शंभरेक वर्षांपूर्वीचा काळ, गरीब घरातली अँजेला चर्चमधल्या गोठ्यात बाळ येशू बघते आणि तिला वाटतं ह्याला थंडी वाजत असेल, म्हणून त्याला उचलून घरीच न्यायला निघते. कॅम्पात घरोघरी गोठा मांडतात, गवत, माती, लाइटच्या माळा लावून पोरं आठवडाभर खपतात, त्यांना ह्यातली गंमत लगेच कळेल. मिस्साला निघायच्या आधी लावायला ह्याच्याइतका योग्य दुसरा नाही.

मोठीसाठी २०२४ चा ‘दॅट ख्रिसमस’. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका गावात नाताळला जोराचं हिमवादळ येतं, आईवडील एकीकडं अडकतात आणि पोरं एकीकडं. लेखन रिचर्ड कर्टिसचं, त्यांनीच लहान मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांवरून. खूप गोष्टी एकदम चालतात, मध्ये जरा गोंधळ होतो, पण डॅनी नावाचा मुलगा आहे, आई नर्स म्हणून नाताळलाही ड्युटीवर आणि वेगळा राहणारा बाबा येतो असं सांगून येत नाही, तेवढ्यासाठी तरी बघाच. ज्यांच्या घरचा कुणी आखातात किंवा जहाजावर आहे त्यांनी शेजारी रुमाल ठेवा.

२०१८ चा ‘द ग्रिंच’ एकदा बघायला ठीक, दरवर्षी नको. आणि ‘स्क्रूज: अ ख्रिसमस कॅरल’, २०२२ चा, गाणी चांगली आहेत, पण भुतं येतात, पाच वर्षांच्या मुलाला रात्री एवढ्यात नको.

प्रश्न: ताई, माझी मुलगी सहा वर्षांची, तिचा सांतावर पूर्ण विश्वास आहे. ‘क्लाउस’ बघून तो मोडेल का? (एक आई, निपाणी)

उत्तर: त्यात सांता म्हणजे आधी एक साधा सुतार असतो आणि चिमणीतून उतरणं, उडणारी रेनडिअर ह्या गोष्टी पोरांच्या बोलण्यातून कशा पसरल्या ते दाखवलंय, त्यामुळं ती प्रश्न नक्की विचारेल. शेवट मात्र तिचा विश्वास राहील असाच केलाय. मधेच झोपू देऊ नका, पूर्ण बघू दे. काळजी वाटत असेल तर यंदा ‘दॅट ख्रिसमस’ लावा, त्यात सांता खराखुराच आहे, आणि ‘क्लाउस’ ती आठ-नऊ वर्षांची झाल्यावर.