बेटावरचा कचरा : जाळायचा की जहाजात घालायचा?

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी लक्षद्वीपला आहे. तो म्हणतो, इथे कचरा टाकायला जागा नाही, भट्टी लावून जाळणे हाच उपाय. पटते का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

जागा नाही हे खरे. सगळ्या बेटांची जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर, आणि गोडे पाणी म्हणजे वाळूखालचा पातळ थर. खड्ड्यात कचरा पुरला की घाण थेट विहिरीत.

पण भट्टीला रोज, ठरल्या प्रमाणात कचरा लागतो. विषारी डायॉक्सिन मोडायचे तर धूर किमान 850 अंशांवर दोन सेकंद तापलेला राहावा, असा युरोपचा नियम आहे. पेटवताना आणि विझवताना तेच साधत नाही, आणि छोट्या बेटावर कचरा इतका थोडा की भट्टी सारखी पेटवायची-विझवायची वेळ येणार. त्यातही बराचसा कचरा ओला : स्वयंपाकघरातला, मासळीचा. तो जाळायचा म्हणजे आधी त्यातले पाणी आटवायचे, वर डिझेल ओतून. ते डिझेलही जहाजानेच येते!

मुलाला सांगा, ओले तिथेच कुजवा. रेताड जमिनीला खत हवेच असते. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा दाबून गठ्ठे बांधा आणि सामान उतरवून कोचीला परतणाऱ्या जहाजात घाला. काच जड आणि भाव कमी, ती तिथेच फोडून भरावाला वापरावी. मग उरतात डायपर, सॅनिटरी पॅड, दवाखान्याचा कचरा. तेवढ्यासाठी छोटी भट्टी असावी, माझी ना नाही.

प्रश्न : सिंगापूर पाहून आलो. तेही बेटच, तिथे सर्रास जाळतात आणि शहर चकाचक. (शाहूपुरी)

चकाचक आहे खरे, पण राख बघायला तुम्हाला कोणी नेले नसेल. जाळून कचऱ्याचे आकारमान 90 टक्के घटते. उरलेली राख बार्जमधून सेमाकाऊ बेटाशेजारच्या भरावावर जाते. तो 1999 पासून सुरू आहे आणि 2035 च्या सुमारास भरेल असा तिथल्या सरकारचाच अंदाज. घरगुती कचऱ्यातले रिसायकलिंग मात्र 12 टक्क्यांच्या आसपास. भट्टी सगळेच गिळते म्हटल्यावर वेगळे करण्याचा त्रास कोण घेणार, असे मला वाटते. लाखोंच्या दाट वस्तीला ते परवडते. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावर सुमारे 40 हजार माणसे, म्हणजे आपल्या कागल शहरापेक्षा थोडी जास्त. त्यांची भट्टी जुनी झाली तेव्हा नवी न बांधता 2032 पर्यंत कचराच संपवायचे त्यांनी ठरवले. जमेल की नाही ते पुढे दिसेल. पण नव्या भट्टीत पैसा अडकवला असता, तर ती चालवायला पुढची पंचवीस वर्षे कचरा पुरवत बसावे लागले असते.

प्रश्न : साखर कारखाने बगॅस (रस काढलेली उसाची चिपाडे) जाळून वीज करतात. मग कचऱ्यावर का नाही? (कसबा बावडा)

बगॅस निम्मा ओला असला तरी एकजिनसी असतो. आपल्या कचऱ्यात भाजीचे देठ, रस्त्याची माती, बांधकामाचा राडारोडा. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डॅनिश तंत्राचा प्रकल्प उभा राहिला आणि लवकरच बंद पडला, कारण कचरा नीट पेटतच नव्हता. 2016 च्या घनकचरा नियमांनीही ऊर्जेसाठी ठरवला तो पुनर्वापर न होणारा आणि किलोला 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा कचरा.

प्रश्न : राखेच्या विटा होतात ना? (उद्यमनगर)

तळाच्या राखेच्या, तपासणी करून, होतील. धुरातून गाळलेल्या बारीक राखेत जड धातू असतात, तिला हात लावू नका.

प्रश्न : 2019 आणि 2021 च्या पुरात आमच्या गावाचे बेट झाले. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या, वायरी चौकात पेटवल्या. दुसरे काय करणार होतो? (प्रयाग चिखली)

तुमची अडचण कळते, पण प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या वायरी उघड्यावर जाळणे म्हणजे डायॉक्सिनचा कारखानाच. तांबे भंगारवाला रोखीने घेतो, वायर तशीच त्याला द्या. लोखंडी कपाटे, पत्रेही द्या. शिरोलीच्या फाउंड्र्यांना भंगार लागतेच. गाद्या मात्र उंचावर, उन्हात वाळवून एका जागी रचा आणि ट्रॅक्टर येईपर्यंत ताडपत्रीने झाका. ती जागा ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावी.