रेल्वे लाईनच्या सर्व्हेला निघालास, तर

प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात नव्या लाईनच्या वाटेतले जुन्या वस्त्यांचे अवशेष शोधायचं काम आहे म्हणतोस, तर आधी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठ. पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड कुठे, नांगराला खापरं कुठे लागतात, हे नकाशात नसतं. पांढरीची माती वर्षानुवर्षं खत म्हणून शेतात गेलेली असते, त्यामुळे टेकाड बरेचदा कापलेलंच सापडेल. तो काप म्हणजे तुझा फुकटचा खड्डा! खुरप्याने साफ कर, पाणी शिंपड, थर आपोआप उठून दिसतात.

जोर्वे खापर, म्हणजे इथल्या ताम्रपाषाण काळातल्या वस्त्यांचं खापर, ओळखायला शीक. लाल अंग, काळी नक्षी, टिचकी मारली की खणखणतं. पण खापर दिसलं म्हणजे वस्ती तिथेच, असं नाही. मी एकदा उतारावरून वाहून आलेल्या खापरांच्या नादी लागून चार दिवस खड्डे घेतले. वस्ती वर होती.

आखणीइतकंच भरावाची माती कुठून उचलणार तेही विचार. ठेकेदाराला टेकाड म्हणजे तयार मातीचा ढीग. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लाईनखाली हडप्प्याच्या विटाच खडी म्हणून गेल्या.

तुझं काम उत्खनन नाही. अवशेष किती खोल, कुठवर पसरलेत, एवढंच. आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ दिसले तर हात आवर. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली लहान मुलं अशीच पुरलेली होती. पट्टी ठेवून फोटो काढ, झाक, आणि मला फोन कर.